वारं गेल्यानंतर: पक्षाघात, परिचारिका आणि घरी परतलेला रुग्ण

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आपल्या भागात पक्षाघाताला अजूनही एक खास शब्दप्रयोग आहे. 'अंगावरून वारं गेलं.' कुणी लकवा म्हणतं, दवाखान्याच्या कागदावर 'स्ट्रोक' लिहिलेलं असतं, पुस्तकात पक्षाघात किंवा अर्धांगवायू. पण घरात विचारलंत तर आजी सांगते, "ह्यांच्या अंगावरून वारं गेलं." वात बिघडला की अंग लुळं पडतं, हा जुना वैद्यकातला विचार त्या शब्दात आहे. आणि आणखी एक गोष्ट आहे. हा शब्द फक्त एका क्षणाबद्दल बोलतो. वारं आलं आणि गेलं. त्याच्यानंतर माणूस पाच वर्षं, दहा वर्षं घरात एका बाजूनं लुळा राहतो, त्या काळाला आपल्याकडे नाव नाही.

आजचा विषय तो नाव नसलेला काळ आहे. दवाखान्यातून घरी आणल्यानंतर त्या माणसाची काळजी कोणी घ्यायची, याचा इतिहास. आणि त्यात परिचारिकेचं, म्हणजे आपण जिला 'सिस्टर' म्हणतो तिचं स्थान काय होतं, काय असू शकलं असतं.

आधी आजाराबद्दल थोडक्यात सांगतो. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी एकतर गुठळीनं बंद होते किंवा फुटते. जो भाग रक्ताविना राहतो तो मरायला लागतो. गुठळी असेल तर साडेचार तासांच्या आत ती विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. म्हणून तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की तेल चोळत बसू नका, १०८ ला फोन करा. हे तुम्ही अनेकदा ऐकलं असेल. मी त्याच्या पुढच्या भागाबद्दल बोलणार आहे.

डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं तेव्हा

विसाव्या शतकाचा बराच काळ पक्षाघातापुढे डॉक्टर हतबल होते. गुठळी आहे की रक्तस्राव, हेसुद्धा जिवंत माणसात खात्रीनं कळत नसे. पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं सीटी स्कॅन लंडनमध्ये १९७१ साली झालं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग होतो हे अमेरिकेतल्या अभ्यासानं दाखवलं ते १९९५ साली. म्हणजे आज ज्याला आपण 'स्ट्रोकचा उपचार' म्हणतो तो अगदी अलीकडचा.

मग त्याआधी काय होतं? शुश्रूषा होती. कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. गिळता येतंय का बघून मग भरवायचं, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. लुळा हात नीट ठेवायचा, खांदा निखळू द्यायचा नाही. ही सगळी कामं परिचारिकेची.

याची एक खूण इतिहासात सापडते. १९५७ मध्ये ग्लासगोच्या जॉन रँकिन यांनी पक्षाघाताच्या रुग्णाच्या परावलंबित्वाची एक श्रेणी मांडली. १९६५ मध्ये अमेरिकेत फ्लॉरेन्स महोनी या डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल या फिजिओथेरपिस्ट, या दोघींनी दहा गोष्टींची एक मोजपट्टी छापली. स्वतः जेवता येतं का, आंघोळ करता येते का, कपडे घालता येतात का, संडास-लघवीवर ताबा आहे का, खाटेवरून खुर्चीत बसता येतं का, चालता येतं का, जिना चढता येतो का. एकूण गुण शंभर. जगभर आजही पक्षाघाताचे अभ्यास याच मोजपट्ट्यांवर चालतात. ती यादी नीट बघा. मेंदूच्या चित्राचा, रक्ततपासणीचा त्यात उल्लेखही नाही. घरातली सून किंवा वॉर्डातली सिस्टर दिवसभर जे करते त्याचीच ती यादी आहे.

१९९३ मध्ये पीटर लँगहॉर्न आणि सहकाऱ्यांनी तोवरचे सगळे लहान-मोठे प्रयोग एकत्र करून दाखवलं, की पक्षाघाताचे रुग्ण एका वेगळ्या वॉर्डात, त्यासाठी तयार केलेल्या चमूकडे ठेवले तर मृत्यू कमी होतात. तिथं जादूचं औषध नव्हतं. शिकलेल्या माणसांनी रोज, न चुकता केलेली शुश्रूषा होती.

आपल्याकडे सिस्टर कुठे होती?

सोलापूर हे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं गाव. १९१० साली ते इथं जन्मले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, १९४२ च्या डिसेंबरमध्ये तिथंच वारले. त्यांचं स्मारक आपल्याकडे आहे. १९४६ मध्ये शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला. पण कोटणीसांच्या पत्नी ग्वो छिंगलान काय करत होत्या, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्या परिचारिका होत्या, आणि परिचारिकांना शिकवत होत्या. कोटणीस जखमींवर शस्त्रक्रिया करत तेव्हा त्या जखमींची पुढची काळजी घेणारी माणसं तयार करणं हे त्यांचं काम होतं. डॉक्टरचं नाव आपण चौकाला देतो, सिस्टरचं नाव लक्षात राहत नाही. ग्वो छिंगलान यांच्याबाबतीत चूक कुणा एकाची नाही, आपल्या सगळ्या आरोग्यव्यवस्थेची सवयच तशी आहे.

महाराष्ट्रात परिचारिकेच्या कामाला प्रतिष्ठा मिळवून देण्याची धडपड जुनी आहे. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं आणि पुढे ससून रुग्णालयाशी जोडून मुलींना, विधवांना परिचारिकेचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रुग्णाची घाण काढायची, हे चांगल्या घरच्या बाईनं करावं का, यावर तेव्हा मोठा गहजब होता. तो विरोध पत्करून ते वर्ग चालले. आपल्या सोलापुरातही सेवासदन आहे, ते त्याच परंपरेतलं.

तरी संख्या किती? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात अखंड भारतात सुमारे ७,००० परिचारिका असल्याची नोंद आहे. डॉक्टर ६,३०० लोकांमागे एक आणि परिचारिका ४३,००० लोकांमागे एक. जगात बहुतेक ठिकाणी डॉक्टरांपेक्षा परिचारिका जास्त असतात, आपल्याकडे उलटं होतं.

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रं आली, उपकेंद्रं आली, एएनएम आल्या. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे कर्मचारी जाऊन 'बहुउद्देशीय' कर्मचारी आले. नावात बहुउद्देश, पण व्यवहारात एएनएमचं जवळजवळ सगळं काम बाळंतपण, लसीकरण आणि कुटुंबनियोजन. त्या काळात ते योग्यच होतं, बाया आणि पोरं मरत होती. पण त्यामुळे असं झालं, की गावात घरोघर जाणारी एकमेव शिकलेली परिचारिका गरोदर बाईच्या दारात थांबायची, आणि त्याच घरात आतल्या खोलीत पडलेला सासरा तिच्या वहीत नसायचा.

खाजगी दवाखान्यात परिचारिका का नाही?

आता जनरल प्रॅक्टिसकडे येऊ, म्हणजे आपल्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडे. तिथं कोण असतं? डॉक्टर आणि कंपाउंडर. फार तर नंबर लावायला एक मुलगी. नोंदणीकृत परिचारिका जवळपास नाहीच.

ब्रिटनमध्येही एकेकाळी असंच होतं. डॉक्टर एकटा, मदतीला बऱ्याचदा त्याची बायको. मग १९६६ मध्ये तिथल्या जनरल प्रॅक्टिशनरांचा सरकारशी नवा करार झाला. डॉक्टरनं मदतनीस ठेवला तर त्याच्या पगाराचा ७० टक्के भाग सरकार परत देणार. इतकी साधी गोष्ट. त्यानंतर तिथल्या दवाखान्यांत परिचारिका यायला लागल्या. १९९० च्या करारानं आणखी वेग दिला. रक्तदाब, मधुमेह, दमा यांच्या नेमानं तपासण्या हळूहळू त्यांच्याकडे गेल्या. २००४ पासून तर पक्षाघात झालेल्या रुग्णांची यादी ठेवली का, त्यांचा रक्तदाब आटोक्यात आहे का, यावर दवाखान्याला पैसे मिळू लागले. आणि २००७ च्या इंग्लंडच्या राष्ट्रीय धोरणात लिहिलं गेलं, की रुग्ण घरी गेल्यावर सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी त्याची तपासणी व्हावी.

म्हणजे तिथली परिचारिका सेवाभावातून उगवली नाही. तिच्या पगाराची सोय झाली म्हणून ती आली. आपल्याकडे दवाखाना चालतो रुग्णानं दिलेल्या फीवर. चार रुग्णांचा रक्तदाब मोजून वहीत लिहिण्यासाठी, न आलेल्याला फोन करण्यासाठी कोणी पैसे देत नाही. मग डॉक्टर परिचारिका ठेवणार कशाला?

आपल्याकडे हा प्रश्न केवढा?

काही लोकांना वाटतं पक्षाघात हा शहरातला, श्रीमंतांचा आजार. मुंबईत २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी सुमारे दीड लाख वस्तीत घरोघर, दवाखाने, मृत्युनोंदी धुंडाळून अभ्यास केला. वर्षाला लाखामागे सुमारे १४५ जणांना पहिल्यांदा पक्षाघात, आणि जवळपास ३० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावलेले.

मग गडचिरोली घ्या. महाराष्ट्राचं दुसरं टोक. तिथं 'सर्च' संस्थेच्या डॉ. योगेश काळकोंडे यांनी ८६ गावांत दोन वर्षं प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघातानं, म्हणजे १४.३ टक्के. मृत्यूच्या कारणांत पहिला क्रमांक. मलेरिया नाही, साप नाही, पक्षाघात. आणि त्यातले ८७ टक्के मृत्यू घरी झाले होते. २०१५ मध्ये हा अभ्यास छापला गेला. याच अभ्यासातला आणखी एक आकडा लक्षात ठेवा: पक्षाघातानं गेलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे कमी लोक पहिल्या महिन्यात गेले. बाकीचे त्यानंतर. म्हणजे मघाशी ज्या नाव नसलेल्या काळाबद्दल बोललो, त्या काळात.

संशोधन काय सांगतं? आधी जे जमलं नाही ते

आता या भाषणाचा गाभा. पक्षाघातानंतरच्या काळजीवर गेल्या तीसेक वर्षांत खूप संशोधन झालं. त्यातलं बरंचसं अपयशाचं आहे, आणि ते अपयशच जास्त शिकवतं.

१९९६ मध्ये ब्रॅडफर्ड या इंग्लंडमधल्या शहरात, आपल्या सोलापूरसारख्याच गिरण्यांच्या गावात, ॲन फॉर्स्टर आणि जॉन यंग यांनी २४० रुग्णांवर प्रयोग केला. अर्ध्यांच्या घरी खास परिचारिका जायची, माहिती द्यायची, धीर द्यायची. वर्षभरानं दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही.

२००४ मध्ये लंडनच्या ललित कालरा यांनी घरच्या माणसांना रुग्णालयातच शिकवून बघितलं: कसं उचलायचं, कसं बसवायचं, काय भरवायचं. ३०० जणांवरचा प्रयोग. निकाल चांगला आला. खर्च कमी, घरच्यांचा ताण कमी. सगळीकडे उत्साह पसरला. मग तोच प्रयोग मोठा करून ३६ केंद्रांत, ९२८ रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे यांच्यावर केला. २०१३ मध्ये निकाल आला: काही फरक नाही.

भारतातही विचार झाला. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट कमी, पण कुटुंब असतंच. मग कुटुंबालाच शिकवलं तर? १४ रुग्णालयं, १,२५० रुग्ण, 'अटेंड' नावाचा अभ्यास. घरच्या एका माणसाला रुग्णालयात व्यायाम शिकवायचे, मग घरी पाठपुरावा करायचा. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी झालेले: शिकवलेल्या गटात ४७ टक्के, न शिकवलेल्या गटात ४७ टक्के.

पुढे 'स्प्रिंट इंडिया'. ३१ केंद्रं, ४,२९८ रुग्ण. बारा भाषांमध्ये मोबाइलवर संदेश, व्हिडिओ, माहितीपुस्तिका. हेतू हा, की दुसरा झटका येऊ नये. २०२३ मध्ये निकाल आला, दोन्ही गटांत फारसा फरक नाही, म्हणून अभ्यास आधीच थांबवला.

हे ऐकून कुणाला वाटेल, म्हणजे घरी काही केलं तरी उपयोग नाही. मला तसं वाटत नाही. या चारही ठिकाणी नेमकं काय दिलं गेलं ते बघा. माहिती दिली, सल्ला दिला, धीर दिला, व्यायाम शिकवले. औषध बदलण्याचा अधिकार कोणाला दिला नाही. आणि घरच्यांना शिकवलं तेव्हा त्यांचं काम वाढवलं, कमी केलं नाही. आपल्या घरातल्या बायका शिकवल्याशिवायही सगळं करतच असतात. त्यांना ज्ञानाइतकीच वेळेची, पैशाची आणि दुसऱ्या हाताची कमतरता आहे.

आणि जे जमलं ते

आता दुसरी बाजू. २००१ मध्ये 'प्रोग्रेस' या मोठ्या अभ्यासात, आधी पक्षाघात किंवा त्याचा छोटा इशारा होऊन गेलेल्या ६,१०५ लोकांना रक्तदाबाची औषधं देऊन बघितली. पुन्हा पक्षाघात होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. म्हणजे घरी आल्यानंतर करण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट स्वस्त आहे, जुनी आहे: रक्तदाब आटोक्यात ठेवणं, रोज, वर्षानुवर्षं.

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियात सँडी मिडलटन या परिचारिका-संशोधकांनी १९ स्ट्रोक युनिटांमध्ये प्रयोग केला. पहिल्या तीन दिवसांत ताप, साखर आणि गिळणं या तीन गोष्टी परिचारिकांनी ठरलेल्या लेखी नियमांप्रमाणे सांभाळायच्या. ताप आला तर काय द्यायचं, साखर किती झाली तर काय करायचं, हे आधीच लिहून दिलेलं. तीन महिन्यांनी मृत किंवा परावलंबी झालेले: नेहमीच्या पद्धतीत ५८ टक्के, नियम दिलेल्या ठिकाणी ४२ टक्के.

२०२० मध्ये बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका इथल्या ३० ग्रामीण वस्त्यांत २,६४५ लोकांवर झालेला अभ्यास. आरोग्यसेविका घरी जाऊन रक्तदाब मोजणार, जास्त असेल तर ठरलेल्या डॉक्टरकडे पाठवणार, डॉक्टर ठरलेल्या तक्त्याप्रमाणे औषध वाढवणार. दोन वर्षांत वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे पाच अंकांनी जास्त उतरला.

आणि शेवटी चीन. कोटणीस तिथं होते तेव्हा उत्तर चीनच्या खेड्यांत डॉक्टर मिळणं मुश्कील होतं. पुढे १९६८ च्या सुमारास 'अनवाणी डॉक्टर' ही कल्पना तिथं गाजली. थोडं शिकवलेली गावातली माणसं. त्यांचंच पुढचं रूप म्हणजे आजचे ग्रामडॉक्टर. २०२३ मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास छापला: ३२६ गावं, जवळपास ३४,००० लोक. ग्रामडॉक्टरांना औषध सुरू करण्याचा आणि वाढवण्याचा अधिकार दिला, लेखी तक्ता दिला, वरच्या डॉक्टरची देखरेख दिली, औषध स्वस्त केलं. तीन वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघात मिळून जे मोठे झटके येतात ते एक तृतीयांशानं कमी झाले.

या सगळ्यांत सारखं काय? काम करणारी व्यक्ती कुठे सिस्टर, कुठे सेविका, कुठे ग्रामडॉक्टर. सारख्या गोष्टी तीन: लिहून दिलेली पद्धत, हातात औषध किंवा औषध बदलण्याचा खात्रीचा रस्ता, आणि रुग्ण आला नाही तर त्याला शोधणारी यादी. ब्रॅडफर्डच्या सिस्टरला यातलं फारसं काही नव्हतं. तिच्याकडे फक्त तिची सदिच्छा होती.

आपल्या महाराष्ट्रानं हे आधी केलेलं आहे, हे विसरू नका. करमाळ्याच्या पलीकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीत बंग दांपत्यानं गावातल्या बाईच्या हातात नवजात बाळासाठी इंजेक्शन दिलं, आणि १९९९ मध्ये दाखवलं की बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तेव्हाही लोक म्हणाले होते, बाईच्या हातात इंजेक्शन? आज 'आशा' ताई घरोघर बाळ बघायला जाते ते त्याच कामातून.

सोलापूरच्या एका घरात

आता हे आपल्या गावात आणून बघू. १८७७ साली इथं जुनी मिल सुरू झाली, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंगगिरजी आणि इतर. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कानडी माणसं तर होतीच. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग आणि विडी उरली. कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायांसाठी दहा हजार घरं झाली.

विडी वळायला दोन्ही हात लागतात. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, टोक दाबायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. यंत्रमागालाही दोन्ही हात आणि दोन्ही पाय. आता त्या घरात मागावर काम करणाऱ्या नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलं, तर एक मजुरी थांबते. बायको त्याला उठवते, बसवते, भरवते, तर तिची हजारी घटून पाचशेवर येते. मग औषधाचे पैसे वाचवले जातात. सहा महिन्यांनी "आता बरं वाटतंय" म्हणून रक्तदाबाची गोळी बंद. मग दुसरं वारं. ही गोष्ट कुणा एका कुटुंबाची म्हणून सांगत नाही, तुमच्यापैकी अनेकांनी ती आपल्या गल्लीत बघितली असेल.

त्यात भाषेचा प्रश्न. डाव्या मेंदूचा झटका असेल तर वाचा जाते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, मिलमध्ये हिंदी बोलणाऱ्या माणसाची कुठली भाषा आधी परत येईल, सांगता येत नाही. त्याला मराठीतली पुस्तिका देऊन काय होणार? पण त्याच वस्तीतली सिस्टर असेल तर ती त्याच्याशी तेलुगूत बोलते.

आज चौकट अगदीच नाही असं नाही. २०१८ नंतर उपकेंद्रांचं रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत झालं, आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, काही आयुर्वेद पदवीधर, काही परिचारिका. तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब तपासायचा, डॉक्टरनं ठरवलेल्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला तिथंच द्यायच्या, हे त्यांच्या कामात आहे. वयोवृद्धांची काळजीही सेवांच्या यादीत आली आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा, वर्धा अशा जिल्ह्यांत सुरू झाला. ठरलेला औषधाचा तक्ता, खंड न पडणारा पुरवठा, परिचारिकेनं मोजलेला आणि नोंदवलेला रक्तदाब. मघाच्या तीन गोष्टीच.

उरतं ते एवढं. पक्षाघात होऊन घरी गेलेल्या माणसाची वेगळी यादी नाही. सरकारी रुग्णालयातून, सिव्हिलमधून घरी पाठवताना त्याचा कागद त्याच्याच हातात असतो, त्याच्या उपकेंद्राला किंवा नागरी आरोग्य केंद्राला कळत नाही. आणि सिस्टरचा अधिकार अजून धूसर आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमानं मधल्या फळीच्या सेवकांना मर्यादित परवाना देण्याची वाट उघडली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेनं देशभर विरोध केला. त्यांची भीती अगदी खोटी नव्हती, अर्धवट डॉक्टर गरिबांच्या माथी मारले जातील ही. पण मधली वाट आहे: निदान डॉक्टरचं, पहिलं औषध डॉक्टरचं, आणि त्यानंतर लेखी तक्त्याप्रमाणे मोजणं, देणं, वाढवण्यासाठी कळवणं परिचारिकेचं.

प्रश्नोत्तरांतून

एका श्रोत्यानं विचारलं, की तुम्ही म्हणता माहितीनं काही होत नाही, मग आम्ही व्यायाम शिकवू नये का?

जरूर शिकवा. त्या अभ्यासांनी एवढंच दाखवलं, की घरच्यांना शिकवून नेहमीच्या सेवेपेक्षा परावलंबित्व कमी झालं नाही. व्यायाम फुकट आहे असं ते म्हणत नाहीत. हात आखडू नये, पाठीला जखम होऊ नये, गिळताना ठसका लागू नये, हे कळायलाच हवं. फक्त घरच्या बाईला दोन तास शिकवलं म्हणजे व्यवस्थेचं काम संपलं, असं समजू नका.

एका ताईंनी विचारलं, त्या स्वतः परिचारिका आहेत, की रुग्णालयातच माणसं कमी, घरी कोण जाणार?

खरं आहे, ताई. म्हणून मी घरभेटींपासून सुरुवात करा असं म्हणत नाही. वहीपासून करा. घरी सोडताना नाव, वस्ती, भाषा, शेवटचा रक्तदाब आणि चालू गोळ्या एवढं एका वहीत, आणि तीच नोंद जवळच्या आरोग्य केंद्राकडे. महिन्यानं जो आला नाही त्याला फोन. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. एक जागा आणि त्या जागेचा पगार लागतो. ब्रिटनमध्येही सुरुवात पगारापासूनच झाली होती.

आणखी एकांनी विचारलं, लकव्याचं गावठी औषध घ्यायला लोक लांब जातात, त्यांना काय सांगायचं?

भांडू नका. जायचं तर जाऊ देत, पण बाटलीतलं औषध काय आहे ते माहीत नसताना पोटात घेऊ नका, आणि रक्तदाबाची गोळी बंद करू नका. लोक तिथं जातात कारण तिथं कोणीतरी त्यांना दर आठवड्याला बोलावतं, हात धरून बघतं, पुन्हा कधी यायचं ते सांगतं. आपल्या आरोग्य केंद्रात एवढं झालं तरी बरीच माणसं लांब जायची थांबतील.